पायथॉनचा प्रोग्रॅम जिनिंगच्या काट्यावर कसा बसवायचा?

बोरीकाठ :

मंडळी, अमळनेरच्या बाजूला एका जिनिंगसाठी (कापसातून सरकी वेगळी काढायचा कारखाना) कापूस खरेदीच्या पट्टीचा, म्हणजे शेतकऱ्याला द्यायच्या हिशोबाच्या कागदाचा, प्रोग्रॅम लिहिलाय. भाषा पायथॉन, खिडक्या-बटणांसाठी टीकिंटर आणि नोंदी ठेवायला एसक्यूलाइट डेटाबेस. गाडी काट्यावर चढली की भरलेलं वजन घ्यायचं, कापूस खाली करून परत आली की रिकामं. मग निव्वळ वजन, कटती (वजनातली वजावट), भाव, हमाली, आधीची उचल, आणि शेवटी शेतकऱ्याच्या हातात पट्टी. माझ्या लॅपटॉपवर काही तक्रार नाही.

घोडं अडलंय ते तिथे पोचवण्यात. काट्याच्या खोलीत जुना डबडा आहे : विंडोज ७, ३२ बिट. त्याला मागे सिरीयल पोर्ट आहे आणि काटा त्यालाच जोडलाय. शेठ म्हणतात, चालू आहे त्याला हात लावायचा नाही. ऑफिसात शेठचा विंडोज ११. मुनीमजींच्या पोराने त्यांच्या कॉम्प्युटरवर उबंटू टाकून दिलंय. आणि शेठची मुलगी पुण्याला असते, तिच्या मॅकवरही हिशोब दिसावा अशी इच्छा.

पायइन्स्टॉलर या साधनाने सगळं मिळून एकच एक्सई, म्हणजे क्लिक केली की चालणारी फाइल, केली. काट्यावर ती उघडतच नाही, 'एपीआय-एमएस-विन-कोअर-पाथ' अशा काहीतरी नावाची डीएलएल (प्रोग्रॅमला लागणारी विंडोजची फाइल) सापडत नाही म्हणते. ऑफिसात उघडते, पण बंद करून परत उघडली की नोंदी गायब (नशीब, चाचणीच्याच होत्या). उबंटूवर नुसती स्क्रिप्ट चालवली तर चालते, पण मराठी अक्षरं फुटतात. 'ज्ञानेश्वर' वाचता येत नाही.

दसऱ्याला काट्याची पूजा, त्याआधी बसवायचंय.

फैजपूर_फाटा :

डीएलएलचं आधी. ती तक्रार म्हणजे तुम्ही पायथॉन ३.९ किंवा त्यापुढचं वापरलंय. विंडोज ७ वर चालणारं शेवटचं पायथॉन ३.८. नेटवर ती डीएलएल 'फुकट डाउनलोड' म्हणून देणाऱ्या साइट्स आहेत, त्यांच्या नादी लागू नका.

३.८.१० घ्या, विंडोजसाठी तयार इन्स्टॉलर मिळणारं ३.८ मधलं ते शेवटचं. आणि ३२ बिटचं घ्या. ६४ बिटवाल्या विंडोजवर ३२ बिटचं पायथॉन सुखाने बसतं, त्यामुळे बांधणी तुमच्याच लॅपटॉपवर होईल. त्यातून निघालेली एक्सई काट्यावरही चालेल आणि शेठच्या विंडोज ११ वरही. उलटं मात्र होत नाही, ६४ बिटची ३२ वर चालणार नाही.

काट्याच्या विंडोजला सर्व्हिस पॅक १ आहे का बघा, आणि केबी२५३३६२३ हा अपडेटही लागतो. पुष्कळ जुन्या मशिनवर तो नसतो आणि लोक प्रोग्रॅमला शिव्या देत बसतात.

जुना_खेळिया :

नोंदी गायब होतात त्याचं कारण सांगतो, कारण दर दोन-चार महिन्यांनी कोणीतरी हाच प्रश्न घेऊन येतो.

'वनफाइल' म्हणून जी एक्सई बनते ती खरं तर एक गाठोडं असतं. उघडलं की विंडोजच्या टेम्प फोल्डरात 'अंडरस्कोर एमईआय' आणि पुढे काही आकडे अशा नावाचं फोल्डर तयार होतं, त्यात पायथॉन, टीके (टीकिंटरच्या आतलं, खिडक्या काढणारं), तुमच्या फाइली सगळं उलगडतं आणि तिथून प्रोग्रॅम चालतो. बंद केला की ते फोल्डर पुसलं जातं. तुम्ही डेटाबेसचा पत्ता स्क्रिप्टच्या शेजारी असा दिला असणार. स्क्रिप्ट टेम्पमध्ये, म्हणून डेटाबेसही टेम्पमध्ये. दुसऱ्या दिवशी सगळं कोरं.

तेव्हा प्रोग्रॅम एका जागी आणि डेटा दुसऱ्या जागी. विंडोजवर ॲपडेटा, उबंटूवर होम फोल्डरातलं डॉट-लोकल-शेअर, मॅकवर लायब्ररीतलं ॲप्लिकेशन सपोर्ट. तिन्हीकडची योग्य जागा 'प्लॅटफॉर्मडर्स' नावाची छोटी लायब्ररी शोधून देते. प्रोग्रॅम फाइल्समध्ये डेटाबेस ठेवू नका, तिथे साध्या युजरला लिहायची परवानगी नसते.

आणि ते 'वनफाइल' सोडाच, 'वनडिर' करा, म्हणजे सगळ्या फाइली एका फोल्डरात सुट्या. एकच फाइल दिसायला छान, पण दर वेळी उलगडायला वेळ घेते. काट्याच्या डबड्यावर तर गाडी चढून उतरेल तरी खिडकी यायची नाही. वनडिरचं फोल्डर इनो सेटअपमध्ये घालून एक इन्स्टॉलर बनवा. शेठला शेवटी डेस्कटॉपवर एक चित्र हवं असतं, आत किती फाइली आहेत याच्याशी त्यांना देणंघेणं नाही.

पिंप्राळा_हुडको :

हे सगळं कशाला? इलेक्ट्रॉन वापरा, वेबपेजसारखा लिहून डेस्कटॉप प्रोग्रॅम होतो. जावास्क्रिप्ट येत असेल तर तिन्हीकडे एकसारखं दिसतं, मराठीसुद्धा नीट दिसतं कारण आत अख्खा क्रोमियम ब्राउझर असतो. इकडे सगळे तेच करतात.

फैजपूर_फाटा :

@पिंप्राळा_हुडको, विंडोज ७ वर? इलेक्ट्रॉनने २३ व्या आवृत्तीपासून विंडोज ७ आणि ८ सोडलं. २२ वर अडकून राहावं लागेल. शिवाय शंभराहून जास्त एमबीचं धूड, पट्टी छापायला.

पिंप्राळा_हुडको :

मग टॉरी?

फैजपूर_फाटा :

टॉरी हलकं आहे कारण ते ब्राउझर सोबत नेत नाही, सिस्टिममधलाच वेबव्ह्यू (वेबपेज दाखवणारा भाग) वापरतं. म्हणजे विंडोज ७ वर परत वेबव्ह्यूची शोधाशोध, आणि मागची बाजू रस्ट भाषेत. भाऊंना पायथॉन येतंय, काम झालेलं आहे. दसऱ्याला काट्याची पूजा होऊ दे, रस्ट नंतर शिकतील.

तापी_खोरे :

भाऊ, मना कडे बी हाऊच तरास शे, रावेरले केळीना पट्टीना प्रोग्रॅम शे. धागा वाची राह्यनू. :)

सातपुड्याची_लेक :

अक्षरं फुटण्याबद्दल लिहिते. मराठी प्रोग्रॅम करणाऱ्यांना खरा घाम इथेच फुटतो आणि इंग्रजी ट्युटोरियलांत याबद्दल अवाक्षर नसतं.

जोडाक्षर दाखवणं हे फॉन्टचं एकट्याचं काम नाही. 'ज्ञ' हा साठवताना ज, हलन्त आणि ञ असा तीन तुकड्यांत असतो. 'कि' मध्ये आधी क आणि मागून ऱ्हस्व वेलांटी साठवलेली असते, दाखवताना वेलांटी पुढे आणावी लागते. ही उलटापालट करणारा एक वेगळा भाग असतो. विंडोजवर टीके हे काम विंडोजकडूनच करून घेतं, म्हणून तिथे ठीक दिसतं. लिनक्सवर टीके ८.६ एकेक अक्षर मांडत जातं, जुळवाजुळव करतच नाही. म्हणून फॉन्ट बदलून उपयोग नाही. तुम्ही नोटो टाका, मंगल टाका, 'किसन' चा 'कसिन'सारखा काहीतरी अवतारच दिसणार.

क्यूटी या टीकेसारख्याच दुसऱ्या साधनात ही अडचण नाही. त्यात ही जुळवाजुळव करणारं हार्फबझ आहे, तिन्ही सिस्टिमवर मराठी सारखंच आणि बरोबर दिसतं. पण क्यूटी ६ विंडोज ७ वर चालत नाही, तिथे क्यूटी ५.१५ लागेल. पायथॉनमधून ते वापरायच्या पायक्यूटी ५ ला ३२ बिटचं तयार पॅकेज मिळतं, परवाना जीपीएल आहे हे लक्षात ठेवा : शेठने सोर्स मागितला तर द्यावा लागेल. नवीन मशिनवर पायसाइड ६ (क्यूटी ६ पायथॉनमधून वापरायचं पॅकेज) वापरणार असाल तर 'एसेन्शियल्स' एवढंच पॅकेज घ्या, नाहीतर वेबइंजिनसकट सगळा संसार गाठोड्यात जातो.

आता पट्टीची छपाई. ही तर अजून अवघड जागा. तुम्ही पीडीएफ रिपोर्टलॅबने करत असाल तर स्क्रीनवर बरोबर दिसलेलं नाव कागदावर फुटेल. रिपोर्टलॅब सरळ वापरलं तर देवनागरीची जुळवाजुळव करत नाही. शेतकरी पट्टीवर आधी स्वतःचं नाव बघतो, मग वजन, मग आकडा. नाव चुकलं की त्याला वजनावरही शंका येते, आणि त्याचं काही चूक नाही.

मी सुचवेन तो उपाय अगदी साधा आहे. पट्टी एचटीएमएलमध्ये तयार करा आणि ब्राउझरात उघडून छापा. ब्राउझरला मराठी पक्कं येतं. नोटो सॅन्स देवनागरीची फाइल प्रोग्रॅमसोबतच द्या आणि सीएसएसमधून तीच वापरा, म्हणजे कुठल्या मशिनवर कोणता फॉन्ट आहे याची काळजी नाही (विंडोज ७ वर मंगल असतो पण निर्मला नसतो, तो विंडोज ८ पासून आला). क्रोम 'किऑस्क प्रिंटिंग' हा पर्याय देऊन सुरू केला तर मधली खिडकी न विचारता थेट प्रिंटरवर जातं. विंडोज ७ साठी क्रोमची शेवटची आवृत्ती १०९, ती छापायला पुरते. फक्त त्यावरून बँक-बिंक उघडू नका.

जुना डेटा श्रीलिपीसारख्या युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला असेल तर तो आधी युनिकोडमध्ये आणा. तो वेगळ्या धाग्याचा विषय आहे.

बोरीकाठ :

ताई, पट्टी रिपोर्टलॅबनेच करत होतो. आता कळलं मुनीमजी कागद का परत करत होते. एचटीएमएलचं करून बघतो.

दोन प्रश्न अजून. वजनकाट्याच्या डिस्प्लेतून आकडा सिरीयल केबलने येतो, तो वाचताना खिडकी गोठते. आणि डेटाबेस शेअर्ड फोल्डरात ठेवून तिन्ही कॉम्प्युटर त्यालाच जोडले तर चालेल ना?

जुना_खेळिया :

दुसऱ्याचं उत्तर आधी : नको. एसक्यूलाइट एकाच मशिनवर भक्कम आहे, पण नेटवर्कवरच्या फोल्डरात फाइलचं कुलूप नीट लागत नाही. एसक्यूलाइट करणारे स्वतःच हा इशारा देतात. त्याचा वॉल मोड (बदल आधी वेगळ्या फाइलीत लिहायची पद्धत) तर नेटवर्कवर चालतच नाही. ऐन हंगामात काट्यावर नोंद आणि ऑफिसात नोंद एकाच वेळी झाली की फाइल बिघडू शकते, आणि तेव्हा बाहेर ट्रॅक्टरांची रांग असते.

खिडकी गोठते कारण सिरीयल वाचणारी ओळ टीकेच्या मुख्य लूपमध्येच बसलीय. वाचण्यासाठी वेगळा थ्रेड (समांतर चालणारं काम) करा, आलेला आकडा क्यूमध्ये (रांगेत) टाका, आणि टीकेच्या 'आफ्टर' मधून थोड्या थोड्या वेळाने क्यू रिकामी करत जा. थ्रेडमधून थेट लेबल बदलायला जाऊ नका, टीके ते सहन करत नाही. कधी चालेल, कधी बंद पडेल, आणि नेमकं शेठ समोर असताना बंद पडेल.

पोर्टचं नावही कोडमध्ये ठोकून बसवू नका. विंडोजवर कॉम १, कॉम ३ असं असतं, उबंटूवर टीटीवाय-यूएसबी-शून्य. पुढे डबडा गेला आणि यूएसबीची तार आली तर कॉमचा नंबर बदलू शकतो. पायसिरीयल लायब्ररीत सगळे पोर्ट विचारायची सोय आहे, यादी दाखवा आणि काटेवाल्याला एकदा निवडू द्या. उबंटूवर युजर 'डायलआउट' गटात नसेल तर परवानगी नाही म्हणून पोर्ट उघडणार नाही.

अजून एक. आकडा स्थिर झाल्याशिवाय 'वजन घ्या' हे बटण चालू होऊ देऊ नका. आणि वजन हाताने टाइप करायची सोय काट्यावर ठेवू नका. हे प्रोग्रॅमिंगचं नाही, जिनिंगचं आहे.

दोंडाईचा_मिरची :

अरे पण मग तीन ठिकाणी तीन प्रोग्रॅम कशाला? नीट बघा : डेस्कटॉप प्रोग्रॅम खरा लागतो तो फक्त काट्यावर, कारण तार तिथे जोडलीय. शेठ आणि मुनीमजी फक्त बघणार आणि भाव, उचल भरणार. काट्याच्या प्रोग्रॅममध्येच बॉटलसारख्या पायथॉन लायब्ररीने छोटं वेबचं काम चालू ठेवा. शेठ आणि मुनीमजी ब्राउझरातून ऑफिसच्या नेटवर्कवर त्यालाच जोडतील. डेटाबेस एकाच मशिनवर, लिहिणारा एकच. उबंटूवरच्या मराठीचा प्रश्न एका झटक्यात गेला.

पिंप्राळा_हुडको :

मग तर सगळंच ब्राउझरात करा. क्रोमला ८९ पासून सिरीयल पोर्ट वाचता येतो, वेब सिरीयल. एक्सईची भानगडच नको.

दोंडाईचा_मिरची :

येतो वाचता, खरंय. पण पोर्टची परवानगी माणसाने क्लिक करून द्यावी लागते आणि ती टॅब उघडी राहिली पाहिजे. काटेवाला त्याच ब्राउझरात गाणी लावतो. माझं मत, वजन घेणारा भाग ब्राउझरच्या बाहेरच बरा.

जुना_खेळिया :

दोंडाईचा म्हणतात ते मला पटलं, एक गोष्ट सोडून : डेटा त्या विंडोज ७ च्या डबड्यावर ठेवायचा म्हणजे त्याची हार्डडिस्क किती जुनी आहे ते बघा. जमलं तर डेटा आणि वेबचं काम मुनीमजींच्या उबंटूवर ठेवा, काटा फक्त वजन पाठवेल. पण मग लाइट गेल्यावर उबंटू बंद आणि काटा यूपीएसवर चालू, अशी गत होईल. तेव्हा काट्याने वजन आधी स्वतःकडे नोंदवावं आणि जोडणी आली की पुढे सरकवावं. एवढं लिहायची तयारी असेल तरच त्या वाटेला जा. नाहीतर चांगली एसएसडी घालून काट्यावरच ठेवा.

फैजपूर_फाटा :

उबंटूवर काही बांधणार असाल तर ध्यानात ठेवा : पायइन्स्टॉलर एका सिस्टिमवर बसून दुसऱ्याची फाइल बनवत नाही. विंडोजची विंडोजवर, लिनक्सची लिनक्सवर, मॅकची मॅकवर. आणि लिनक्सची बांधणी मुनीमजींच्याइतक्याच किंवा त्याहून जुन्या उबंटूवर करा. २४.०४ वर बांधलेली फाइल २०.०४ वर नेली की 'जीलिबसी' या लिनक्सच्या मूळ लायब्ररीची अमुक आवृत्ती सापडली नाही म्हणून अंगावर येते. उलटं चालतं. तिन्ही मशिनं हाताशी नसतील तर गिटहबच्या ॲक्शन्समध्ये तिन्ही सिस्टिम भाड्याने मिळाल्यासारख्या मिळतात, सार्वजनिक प्रकल्पाला फुकट. पण तिथे विंडोज ७ ची चाचणी होणार नाही, ती काट्यावर जाऊनच करावी लागेल.

टीसीएलवाले_काका :

तुम्ही सगळे टीकिंटर टीकिंटर करता, त्यातलं टीके मूळ टीसीएलचं. जॉन ऑस्टरहाउट यांनी बर्कलीत १९८८ मध्ये टीसीएल केलं. आमच्याकडे टीसीएलकिट म्हणून एकाच फाइलमधला रनटाइम होता. त्याला आपली स्क्रिप्ट जोडली की स्टारपॅक तयार, काही बसवायला नको. आणि गंमत म्हणजे विंडोजचा रनटाइम घेऊन लिनक्सवर बसून विंडोजची एक्सई करता यायची, मॅकचीही. कंपायलर नको, दुसरं मशीन नको. फाइलही लहान, पेनड्राइव्हच्या जमान्यात बरं पडायचं. आज पायथॉनवाल्यांना जी कसरत करावी लागते ती बघून हसू येतं. लिनक्सवर मराठी फुटण्याचं दुखणं मात्र आमच्याही वाट्याला तेच, ते टीकेचंच आहे.

कोणी वापरावं म्हणून सांगत नाही. आता हे शिकवायला मास्तर मिळणार नाही.

बोरीकाठ :

काका, भारी माहिती.

वनडिर करून इनो सेटअपने इन्स्टॉलर केला, ३.८.१० ३२ बिट. काट्यावर उघडला! पण शेठच्या विंडोज ११ वर निळी खिडकी येते, 'विंडोजने तुमचा पीसी सुरक्षित ठेवला' अशी. आणि त्यांच्या अँटिव्हायरसने एक्सई उचलून क्वारंटाइनमध्ये टाकली. शेठ विचारतात, व्हायरस टाकला का रे.

सातपुड्याची_लेक :

व्हायरस नाही, ओळख नाही. निळी खिडकी विंडोजच्या स्मार्टस्क्रीन या पहारेकऱ्याची. डिजिटल सही नसलेली आणि फारशी कोणी न उतरवलेली फाइल दिसली की ती येते. 'अधिक माहिती' वर क्लिक केलं की 'तरीही चालवा' मिळतं, पण हे शेठसमोर बसून तुम्हीच करा, नुसतं फोनवर सांगू नका. सहीचं प्रमाणपत्र घ्यायचं तर पैसे लागतात, आणि २०२३ पासून त्याची किल्ली टोकनसारख्या सुरक्षित उपकरणातच ठेवावी लागते. एका गिऱ्हाइकासाठी परवडत नाही, दहा-वीस जिनिंग झाल्या तर विचार करा.

अँटिव्हायरसचं वेगळं आहे. पायइन्स्टॉलरचा सुरुवातीचा जो छोटा भाग असतो तोच वापरून चोरटे लोकही आपला माल बांधतात, त्यामुळे तुमची फाइल त्यांच्यासारखी दिसते. वनडिरने हा त्रास कमी होतो. यूपीएक्सने दाबून लहान केली असेल तर ते बंद करा, त्याने संशय वाढतो. तरी पकडलं तर अँटिव्हायरसवाल्यांच्या साइटवर 'चुकून पकडलं' म्हणून फाइल पाठवायची सोय असते, पाठवा. न्यूटका नावाचं दुसरं साधन आहे, ते पायथॉनचं सीमध्ये रूपांतर करून खरोखर कंपाइल करतं. बांधायला वेळ लागतो, पण काहींचा अनुभव त्याने बरा आहे.

आणि फाइल मेलने पाठवू नका. जीमेल एक्सई घेत नाही, झिपमध्ये घातली तरी नाही.

चाळीसगाव_घाट :

अवांतर : कापसाला काय भाव निघेल यंदा?

दोंडाईचा_मिरची :

त्याचा धागा शेतीच्या विभागात आहे, तिथे या. तिथे भांडणंही जास्त आहेत.

पिंप्राळा_हुडको :

मॅकचं काय ठरलं?

फैजपूर_फाटा :

मॅकसाठी बांधू नका. तिथे सही आणि नोटरायझेशन (ॲपलकडून फाइलची तपासणी) हवं, त्यासाठी ॲपलला वर्षाला ९९ डॉलर. पोरीला महिन्याचा हिशोब एक्सेलमध्ये पाठवा, तिला तेच हवं असणार.

बोरीकाठ :

विचारलं, तिला एक्सेलच हवंय. मॅक सुटला.

शेवटचं : हंगामात बदल करावे लागतीलच. नवीन इन्स्टॉलर टाकला तर जुना डेटा राहील ना?

जुना_खेळिया :

डेटा ॲपडेटात ठेवला असेल तर इन्स्टॉलर त्याला हात लावत नाही. इनो सेटअपच्या स्क्रिप्टमध्ये 'ॲपआयडी' असतो, तो पहिल्या दिवशी ठरवा आणि पुढे कधीच बदलू नका. तो तोच राहिला तर नवीन आवृत्ती जुनीच्या जागी बसते, बदलला तर कंट्रोल पॅनेलमध्ये एकाच नावाचे दोन प्रोग्रॅम दिसायला लागतात आणि काटेवाला हमखास जुना उघडतो.

टेबलात नवा रकाना घालणार असाल तर एसक्यूलाइटचा 'युजर व्हर्जन' वापरा. प्रोग्रॅम सुरू होताना तो आकडा बघायचा, जुना असेल तर आधी बॅकअप, मग बदल, मग आकडा वाढवायचा. बॅकअपसाठी चालू डेटाबेसची फाइल कॉपी-पेस्ट करू नका, अर्धवट येऊ शकते. पायथॉनच्या एसक्यूलाइट मॉड्यूलमध्ये ३.७ पासून 'बॅकअप' नावाचं फंक्शन आहे, ते चालू डेटाबेसचीही नीट प्रत काढतं. रोज संध्याकाळी काटा बंद करताना ते आपोआप चालू द्या आणि प्रत पेनड्राइव्हवर जाऊ द्या. पेनड्राइव्ह मुनीमजींच्या ताब्यात, काटेवाल्याच्या नाही.